वंशावळ आणि गादी : सातारा व करवीरच्या (कोल्हापूरच्या) तक्त्यात दत्तक कसा दाखवावा?

वंशवेल (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी मी छत्रपती घराण्याचा भिंतीवर लावण्याजोगा मोठा तक्ता तयार करीत आहे. काम हाती घेताना ते सोपे वाटले होते, कारण एक नाव लिहायचे, खाली रेघ ओढायची आणि रेघेच्या टोकाला मुलाचे नाव लिहायचे, एवढीच माझी कल्पना होती. शहाजीराजे, शिवाजी महाराज, मग संभाजी महाराज आणि राजाराम महाराज, त्यांच्याखाली एका बाजूला शाहू महाराज आणि दुसऱ्या बाजूला ताराबाईंचे पुत्र शिवाजी व राजसबाईंचे पुत्र संभाजी, इथपर्यंत हात कुठे अडला नाही.

पुढे मात्र माझ्याकडच्या दोन छापील तक्त्यांचे एकमेकांशी जुळेनासे झाले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज एका तक्त्यात १८८३ साली वारलेल्या शिवाजी महाराजांचे पुत्र म्हणून सरळ रेघेने दाखवले आहेत, तर दुसऱ्यात ते कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव म्हणून आले असून छत्रपतींच्या तक्त्याशी त्यांना जोडणारी रेघच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत हे मला कळते, परंतु भिंतीवर रेघ एकच ओढता येते.

दुसरा घोळ क्रमांकांचा आहे. ज्या शिवाजी महाराजांच्या गादीवर राजर्षी दत्तक आले, त्यांना एकीकडे ‘चौथे शिवाजी’ म्हटलेले आहे. मी रायगडापासून मोजतो तेव्हा ते पाचवे येतात. मी एक शिवाजी जास्त धरला, की तक्ता करणाऱ्याने एक गाळला?

राजघराण्याची वंशावळ आणि गादीचा क्रम शोधण्याची शिस्तशीर रीत कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तक्ता शाळेतली मुले पाहणार आहेत आणि भिंतीवर एकदा लागलेली चूक वर्षानुवर्षे तशीच राहते, म्हणून घाई न करता विचारतो आहे.

जुनी पाने

आपल्या दोन्ही तक्त्यांत चूक नाही. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. ‘हा कोणाच्या पोटी जन्मला?’ हा एक प्रश्न आणि ‘याच्या आधी गादीवर कोण होते व याला ती कोणत्या हक्काने मिळाली?’ हा दुसरा. सामान्य घरात या दोहोंचे उत्तर बहुतेक वेळा एकच निघते, म्हणून आपल्याला एका रेघेची सवय झालेली असते. राजघराण्यात ती उत्तरे फार लवकर वेगळी होतात. म्हणून माझा आग्रह असा की तक्ते दोन करावेत, किंवा एकाच तक्त्यात दोन प्रकारच्या रेघा वापराव्यात : औरस म्हणजे पोटच्या संततीसाठी अखंड आणि दत्तकासाठी तुटक.

करवीरच्या गादीवर हे करून पाहिले म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. १७१४ साली पन्हाळ्यावर सत्तापालट झाला, ताराबाई आणि त्यांचे पुत्र शिवाजी नजरकैदेत गेले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये एकमेकांनी मान्य केली. हे संभाजी महाराज १७६० च्या अखेरीस पुत्राविना वारले आणि कोल्हापूरच्या गादीवरची अखंड रेघ तिथेच थांबली. १७६२ मध्ये त्यांच्या राणी जिजाबाई यांनी खानवटकर भोसल्यांच्या घरातून मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले. इथे पहिली तुटक रेघ येते. या शिवाजी महाराजांनी १८१३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे राज्य केले. त्यांच्यामागून पुत्र शंभू उर्फ आबासाहेब, १८२१ मध्ये त्यांचा खून झाल्यावर धाकटे बंधू शहाजी उर्फ बुवासाहेब, आणि १८३८ पासून बुवासाहेबांचे पुत्र शिवाजी उर्फ बाबासाहेब, असा पुन्हा अखंड रेघांचा काळ लागतो. बाबासाहेब १८६६ मध्ये वारल्यावर दत्तक राजाराम महाराज आले, ते १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे ऐन तारुण्यात वारले. १८७१ मध्ये दत्तक शिवाजी महाराज आले, तेही १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे वारले, आणि १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या राणी आनंदीबाई यांनी कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतले. अठरा वर्षांत लागोपाठ तीन तुटक रेघा आहेत. औरस नाते एवढेच पाहणारा तक्ता इथे कोरा पडेल, आणि गादीचा तक्ता मात्र एकही कडी न तुटता १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत पोहोचेल.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आलेले शहाजी महाराज त्याआधी थोरल्या पातीच्या (थोरल्या शाखेच्या) देवासचे अधिपती विक्रमसिंहराव पवार होते. देवासची गादी आपल्या पुत्राकडे सोपवून ते कोल्हापूरला दत्तक आले. गादीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी तुटक रेघ ओढावी लागेल, परंतु त्यांच्या मातोश्री राजर्षी शाहूंच्या कन्या होत्या, म्हणजे जन्माने ते राजर्षींचे दौहित्र होते. पुरुषांचीच नावे घेणाऱ्या तक्त्यात हे नाते कुठेच दिसत नाही. म्हणून विनंती करतो, की लेकींची आणि राण्यांची नावे तक्त्यात आणावीत. १७६२ मध्ये जिजाबाई नसत्या, १८८४ मध्ये आनंदीबाई नसत्या, तर गादीचा क्रम पुढे सरकलाच नसता, आणि तरीही बहुतेक तक्त्यांत ही नावे शोधून सापडत नाहीत.

क्रमांकांबद्दल म्हणाल तर आपण कोणाला जास्त धरलेले नाही. काही याद्या रायगडापासून मोजतात, काही पन्हाळा-कोल्हापूरच्या गादीपासून. कोल्हापूरपासून मोजले तर ताराबाईंचे पुत्र पहिले, १७६२ चे दुसरे, बाबासाहेब तिसरे आणि १८७१ चे चौथे. रायगडापासून मोजले तर प्रत्येकाचा क्रमांक एकाने वाढतो. गंमत अशी की त्याच गादीवर १९२२ मध्ये आलेल्या राजारामांना ‘तिसरे राजाराम’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि ती मोजणी शिवछत्रपतींच्या पुत्रापासूनची आहे. म्हणून क्रमांकावर विसंबू नका. नाव, प्रचलित उपनाव आणि गादीवर असल्याची वर्षे अशा तीन गोष्टी प्रत्येक चौकटीत लिहा. ‘शिवाजी उर्फ बाबासाहेब, १८३८–१८६६’ असे लिहिले की गोंधळाला जागा उरत नाही.

धर्मशास्त्र-वाचक

वरील प्रतिसादात मला थोडी भर घालायची आहे आणि एका शब्दाबद्दल सावध करायचे आहे. संतती नसलेल्या ठिकाणी अनेक तक्त्यांत ‘वंश खुंटला’ असे लिहिलेले आढळते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते चूक आहे. दत्तविधान यथाविधी झाले की मुलगा जनक पित्याच्या गोत्रातून बाहेर पडतो, दत्तक पित्याच्या गोत्रात येतो, त्याचे श्राद्धपक्ष करण्याचा अधिकारी होतो आणि त्याच्या मिळकतीचा वारस होतो. जनक घरातील वारसा तो गमावतो. त्यामुळे राजर्षी शाहूंना शिवाजी महाराजांचे पुत्र म्हणून दाखवणारा तक्ता हा काही सौजन्याने केलेला गोडवा नव्हे, शास्त्राने तेच नाते खरे मानले आहे.

तरीही दुसरी रेघ पुसावी असे शास्त्र म्हणत नाही, आणि हा मुद्दा मला आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी वाटतो. दत्तक गेलेल्या मुलाचे लग्न ठरवताना जनक घराचे सपिंड, म्हणजे जवळच्या रक्ताचे, नाते तसेच मानले जाते. गोत्र बदलले तरी जन्मदात्यांच्या घरातील निषिद्ध नात्यात त्याला विवाह करता येत नाही. म्हणजे वारशासाठी एक वंशावळ आणि विवाहासाठी दुसरी, अशा दोन नोंदी आपल्या परंपरेने एकाच माणसासाठी एकाच वेळी सांभाळल्या. आपण दोन प्रकारच्या रेघा ओढाल तेव्हा नवे काही करीत आहात असे समजू नका, घराघरांतील जाणती माणसे हेच तोंडपाठ ठेवीत असत.

विधवेने दत्तक घेण्याबद्दलही सांगतो, कारण त्यावाचून आपला तक्ता वाचणाऱ्याला कळणार नाही. देशाच्या वेगवेगळ्या भागांत याविषयी वेगवेगळी मते होती. पश्चिम भारतात नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखाला मान होता आणि त्या मताप्रमाणे पतीने हयातीत स्पष्ट आज्ञा दिलेली नसली तरी विधवा दत्तक घेऊ शकत असे. जिजाबाई, आनंदीबाई, तसेच बडोद्यात १८७५ साली कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेऊन सयाजीराव हे नाव देणाऱ्या जमनाबाई, या सर्वांच्या कृतीमागे हा आधार होता.

परंतु शास्त्राने पुत्र होणे आणि सत्ताधीशाने गादीवर मान्य होणे यांत अंतर पडू शकते, आणि साताऱ्याचे दुःख त्याच अंतरात आहे. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. मृत्यूच्या दिवशीच त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. १८१९ च्या तहात कंपनी सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना राज्य देताना त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांचाही उल्लेख होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तक मान्य करावा असेच मत दिले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांची भूमिका मात्र अशी होती, की दत्तकाला महाराजांची खासगी मालमत्ता मिळेल, परंतु राज्य हवे असेल तर सार्वभौम सत्तेची संमती हवी, आणि ती संमती त्यांनी दिली नाही. सातारा खालसा झाले. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेल्या दत्तकाचीही हीच गत झाली.

१८५७ नंतर धोरण फिरले आणि १८६२ साली लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. कुळ तेच, शास्त्र तेच, विधीही तेच, तरी साताऱ्यात १८४८ मध्ये जे नाकारले ते कोल्हापुरात १८६६, १८७१ आणि १८८४ असे तीनदा मान्य झाले. म्हणून आपल्या तक्त्यात प्रत्येक दत्तकापुढे आणखी एक लहानशी नोंद असावी : हा दत्तक कोणी मान्य केला, किंवा कोणी नाकारला. एरवी सातारची रेघ १८४८ मध्ये का थांबली, हे मुलांना समजणार नाही आणि ती समजतील की घरात मूलच नव्हते.

मोडीवाचक

मी कागद वाचणारा माणूस आहे, म्हणून कागदांपुरते लिहितो. छापील तक्ते जुळत नसतील तर मूळ पत्रांकडे जावे हे खरे, परंतु पत्रांतही दोन खड्डे असे आहेत की नवखा माणूस हमखास त्यांत पडतो. मी स्वतः दोन्हींत पडलो आहे.

पहिला खड्डा नात्यांच्या शब्दांचा. जुन्या पत्रात ‘चिरंजीव’ दिसले की आपण मुलगा समजतो आणि ‘तीर्थरूप’ दिसले की वडील समजतो. पण पुतण्याला, जावयाला, घरातल्या कोणत्याही धाकट्याला चिरंजीव लिहीत आणि काकांना, थोरल्या भावाला तीर्थरूप लिहीत. ‘बंधू’ हा शब्द सख्ख्या, सावत्र आणि चुलत अशा तिन्ही भावांना चाले. एका सरदार घराण्याच्या कागदांत मी केवळ ‘चिरंजीव’ एवढ्या आधारावर एक पुतण्या मुलाच्या जागी बसवला होता, आणि पुढे वतनाच्या वाटणीचा कागद हाती आला तेव्हा त्याच्या खऱ्या वडिलांचे नाव समोर आले. तेव्हापासून नाते ठरवताना मी पत्राचा मायना पुरावा म्हणून धरीत नाही. ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक) असे स्पष्ट लिहिलेले असेल, किंवा वाटणी, दत्तविधान, सनद यांपैकी काही असेल, तरच अखंड रेघ ओढतो.

यात राजघराण्याचे एक उदाहरण देतो. अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले यांना शाहू महाराजांनी मुलासारखे वाढवले आणि भोसले हे आडनाव दिले. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून येत असताना पारदच्या लोखंड्यांशी चकमक झाली. घरातला पुरुष पडला, तेव्हा त्याच्या विधवेने आपले लेकरू महाराजांच्या पायांवर घातले, तेच हे मूल. इतके प्रेम असूनही ते सातारच्या गादीचे दत्तक पुत्र नव्हते आणि महाराजांच्या पश्चात गादी त्यांच्याकडे गेली नाही. पोटच्यासारखे पाळणे, आडनाव देणे आणि दत्तक घेणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या तक्त्यात त्यांना जागा द्यावी, पण रेघेने जोडू नये.

दुसरा खड्डा तारखांचा. मराठी कागदांवर शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, फसली, हिजरी आणि सुहूर अशा अनेक कालगणना येतात. सुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिला जातो. ‘समान सबैन मया व अलफ’ असे असेल तर समान म्हणजे आठ, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, मिळून ११७८. या सनाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस होत असे. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. मी सुरुवातीला सरसकट ६०० मिळवीत असे, आणि त्यामुळे शाहू महाराजांच्या मागून सातारच्या गादीवर आलेले रामराजे यांचा मृत्यू माझ्या वहीत १७७८ मध्ये पडला होता. ते डिसेंबर १७७७ मध्ये वारले. गादीच्या क्रमात एक वर्ष इकडेतिकडे झाले की दत्तक आधी की मृत्यू आधी हेच उलटे होते, आणि सगळा हक्क त्याच क्रमावर उभा असतो. रामराजांनी त्याच वर्षी हयातीत वावीच्या भोसल्यांच्या घरातून दत्तक घेतला होता. तेच धाकटे शाहू महाराज.

आणखी एक सांगायचे म्हणजे कागदाबरोबर दगडही पाहावा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. सरफोजी स्वतः तुळजाजी महाराजांचे दत्तक पुत्र होते. त्यांच्या दत्तविधानावर आक्षेप घेऊन अमरसिंह गादीवर बसले होते आणि सरफोजींना ती मिळायला १७९८ उजाडले. अशा राजाने पाच वर्षांतच पूर्वजांची समग्र कथा मंदिराच्या भिंतीवर कोरवावी, यात मला तरी त्याच्या मनाची निकड दिसते. वंशावळ कोणी लिहून घेतली आणि कोणत्या वर्षी लिहून घेतली, हे वंशावळीतल्या नावांइतकेच लक्षपूर्वक वाचावे.

वंशवेल

आपल्या तिघांचाही मी ऋणी आहे. दोन प्रकारच्या रेघांचा तक्ता काल रात्री पेन्सिलीने काढून पाहिला आणि कोल्हापूरची बाजू प्रथमच व्यवस्थित बसली. साताऱ्याच्या बाजूला मात्र एका चौकटीपाशी मी थांबलो आहे, आणि ती रामराजांचीच आहे. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांच्यामागून आलेले रामराजे हे ताराबाईंचे नातू, म्हणजे शिवाजी महाराजांचे पणतू राजारामपुत्र शिवाजी यांच्याकडून असलेले वंशज, असे एके ठिकाणी वाचतो (नाते लिहिताना माझीच वाक्ये गुंततात, क्षमस्व). दुसरीकडे ताराबाईंनीच ते नातू नसल्याचे सांगितले असे वाचतो. त्यांच्यावर रेघ कोणती ओढू?

जुनी पाने

प्रथम नाते सरळ करून घेऊ. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम, राजारामांचे पुत्र ताराबाईंच्या पोटचे शिवाजी, आणि या शिवाजींचे पुत्र रामराजे, असे ताराबाईंचे म्हणणे होते. म्हणजे रामराजे शिवछत्रपतींचे पणतू आणि शाहू महाराजांचे चुलतपुतणे. शाहू महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, गादीवर कोण हा प्रश्न पडला असता, आपला नातू लपवून वाढवला आहे, असे ताराबाईंनी पुढे येऊन सांगितले. रक्ताने जवळचे म्हणाल तर कोल्हापूरचे संभाजी महाराज शाहूंचे सख्खे चुलत भाऊ होते आणि त्या वेळी हयात होते. परंतु कोल्हापूरकरांना आणू नये अशी शाहू महाराजांची स्वतःची इच्छा होती. रामराजे आले आणि १७५० च्या जानेवारीत गादीवर बसले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर, ते आपले नातू नव्हेत, अशी शपथ घेतली.

आता माझे मत. ज्या आजीने ओळख पटवली तिनेच शपथेवर नाकारली, त्यामुळे दोन्ही विधानांचा साक्षीदार एकच आणि दोन्ही वेळी त्या साक्षीदाराचा राजकीय हेतू उघड आहे. अशा स्थितीत मी अखंड रेघ ओढणार नाही. शाहू महाराजांचा थेट वंश १७४९ मध्ये थांबला एवढेच लिहीन आणि रामराजांची चौकट गादीच्या क्रमात ठेवून, जन्माच्या बाजूला मोकळी सोडीन.

मोडीवाचक

मोकळी सोडण्याला माझा विरोध आहे. मोकळी चौकट पाहणाऱ्याला ‘तोतया’ असेच सांगते आणि तेवढे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. घटनांचा क्रम पाहावा. ताराबाईंना रामराजांच्या नावाने कारभार स्वतःच्या हाती हवा होता, रामराजे पेशव्यांच्या सल्ल्याने चालू लागले, आणि त्यानंतर नकार आला. नकारानंतरही पेशव्यांनी त्यांनाच छत्रपती मानले आणि पुढे पंचवीस वर्षे वस्त्रे, सनदा, शिक्के त्यांच्या नावाने चालले.

शिवाय ओळख नाकारण्याचे हे हत्यार नवे नव्हते. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने त्यांनाही तोतया म्हटलेच होते, आणि परसोजी भोसले यांनी त्यांच्याबरोबर एका ताटात जेवून ती शंका फेडल्याचे परंपरा सांगते. सहभोजन हाच त्या काळी जन्माचा दाखला. म्हणून रामराजांसाठी तिसऱ्या प्रकारची रेघ ओढावी, ठिपक्यांची, आणि तिच्याशेजारी ‘ताराबाईंनी नातू म्हणून पुढे आणले, १७५२ मध्ये शपथेवर नाकारले’ एवढे एकच वाक्य लिहावे. ते दोन्ही बाजूंना न्याय देते.

जुनी पाने

ठिपक्यांची रेघ मला पटली, मोकळ्या चौकटीचा आग्रह मी सोडतो. फक्त त्या वाक्यात ‘शाहू महाराजांच्या पश्चात गादीवर मान्य’ हे शब्द आधी यावेत, कारण गादीचा क्रम वादातीत आहे आणि वाद फक्त जन्माचा आहे.

एक गोष्ट मघाशी राहिली. गादीला थोरला मुलगाच जाणार असा लेखी नियम या राज्यात नव्हता, हे तक्त्याच्या वरच्या भागातही दिसले पाहिजे. १६८० मध्ये शिवछत्रपती गेल्यावर दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण, म्हणजे गादीवर बसवण्याचा विधी, आधी झाले, संभाजी महाराजांनी गादी घेतल्यावर १६८१ च्या जानेवारीत त्यांचा राज्याभिषेक झाला. १६८९ मध्ये शाहू लहान आणि लगेच कैदेत, म्हणून राजारामांनी राज्य सांभाळले. १७०० मध्ये ते सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाईंनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले. संभाजी महाराजांचे राज्य गेले, हे राजारामांनी नव्याने राखलेले राज्य आहे, म्हणून ते त्यांच्या मुलाचे, अशी ती बाजू होती. शाहूंची बाजू थोरल्या पातीच्या हक्काची होती. १७०७ च्या ऑक्टोबरात खेडच्या लढाईत शाहू जिंकले आणि पुढच्या जानेवारीत साताऱ्याला राज्याभिषेक झाला. तुम्ही एका बापाखाली दोन मुलांच्या रेघा ओढल्या आहेत, त्यांवर गादीवर बसल्याची वर्षे घातलीत की हा पेच आपोआप दिसेल.

वंशवेल

तक्ता पुन्हा काढला. औरस संततीला अखंड काळी रेघ, दत्तकाला तुटक तांबडी रेघ, आणि रामराजांपुरती ठिपक्यांची. प्रत्येक दत्तकाच्या चौकटीत वरती छत्रपती म्हणून मिळालेले नाव, खाली बारीक अक्षरात जन्मनाव व जनक पित्याचे घराणे, आणि कडेला दत्तक घेणाऱ्या राणीचे नाव अशी मांडणी केली आहे. फत्तेसिंह भोसले रेघेविना शाहू महाराजांच्या डाव्या हाताला उभे आहेत. साताऱ्याच्या तळाशी १८४८ ची तांबडी रेघ ओढून तिच्या टोकाला ‘दत्तक झाले, कंपनी सरकारने नाकारले’ असे लिहिले. देवासच्या शहाजी महाराजांपाशी राजर्षींच्या कन्येवरून येणारी काळी रेघ आणि गादीची तांबडी रेघ एकाच चौकटीत येऊन मिळतात. ती चौकट रंगवताना हात जरा सावकाश चालला.

एकच अडचण उरली आहे. संभाजी महाराज १७६० मध्ये गेले आणि दत्तक १७६२ मध्ये झाले, त्या मधल्या काळात गादीवर कोणाचेच नाव नाही. जिजाबाई राणीसाहेबांनी तेव्हा आणि पुढेही दत्तकाच्या लहानपणी, १७७३ पर्यंत राज्य चालवले. त्यांना दत्तक रेघेच्या कडेला ठेवू, की त्या दोन वर्षांसाठी गादीच्या क्रमातच स्वतंत्र चौकट देऊ?

धर्मशास्त्र-वाचक

स्वतंत्र चौकट द्या. त्यांचा राज्याभिषेक झालेला नाही, म्हणून छत्रपती हे पद लिहू नका. ‘जिजाबाई राणीसाहेब, कारभार, १७६०–१७७३’ असे लिहा आणि १७६२ ची तांबडी रेघ त्याच चौकटीतून खाली काढा.